लावणीची सावड आणि अर्थशास्त्रातला माणूस

सड्यावरची

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी भाताची लावणी सावडीने व्हायची. शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगते. आज आमच्या खाचरात आठ घरची माणसं, उद्या तीच माणसं शेजाऱ्यांच्या खाचरात, परवा तिसऱ्याच्या. मजुरी नाही. ज्याची लावणी त्याच्या घरी न्याहारी आणि दुपारचं जेवण. हिशेब असायचा, पण वहीत नाही. 'त्यांच्याकडे आपली दोन माणसं तीन दिवस गेली होती' एवढं घरातल्या बाईच्या डोक्यात पक्कं असे आणि कधी चुकत नसे.

काका गेले त्यानंतरच्या पावसाळ्यात वाडीने काकीची लावणी सगळ्यांच्या आधी उरकली. तिच्याकडून परतफेडीला माणूस एकच, ती स्वतः. तेही गुडघे धरलेले. कुणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या वर्षीही तसंच. तिसऱ्या वर्षी माझा चुलत भाऊ मुंबईहून लावणीला आला. आपल्या आईचं काम लोक फुकट करतात याचं त्याला ओझं वाटत होतं. संध्याकाळी सगळी माणसं पागोळ्यांखाली पायाचा चिखल धूत होती तेव्हा त्याने एकेकाच्या हातात मजुरीच्या नोटा ठेवल्या. मी पडवीत उभी होते. शेजारच्या आजींनी नोट हातात धरली, इरल्याचं पाणी तिच्यावर ठिबकत होतं. "हे कशाला रे बाबा?" म्हणाल्या, पण घेतली. सगळ्यांनीच घेतली.

पुढच्या ज्येष्ठात सावडीचं बोलणं झालं त्यात काकीचं नाव नव्हतं. कुणी रागावलं नव्हतं. "त्या आता मजुरीने करून घेतात ना," एवढंच. भावाने मग खूप सांगून पाहिलं, पैसे नाही देणार, आम्हाला पूर्वीसारखं सावडीत घ्या, मी रजा टाकून येतो. ते जमलं नाही ते नाहीच.

हा प्रसंग बरीच वर्षं माझ्या मनात नुसता पडून होता. मग हैफा शहरातल्या पाळणाघरांबद्दल वाचलं आणि अंगावर काटा आला. इस्रायलमधल्या या शहरात दहा पाळणाघरांचा अभ्यास झाला. आईवडील मुलांना न्यायला उशिरा येत, म्हणून त्यातल्या सहा ठिकाणी दहा मिनिटांहून जास्त उशिराला दहा शेकेल दंड लावला. उशिरा येणारे कमी व्हायचे तर जवळपास दुप्पट झाले. आधी उशीर झाला की पाळणाघरातल्या बाईंना थांबावं लागलं म्हणून मनाला लागायचं. आता त्या थांबण्याचा दर ठरला होता. आणि दंड काढून टाकल्यावरही संख्या खाली आली नाही. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांचा हा निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. आमच्या वाडीत हेच घडलं होतं, फक्त मोजायला कुणी नव्हतं.

अर्थशास्त्राच्या पुस्तकातला माणूस प्रत्येक वेळी स्वतःचा फायदा मोजतो. अर्थशास्त्रज्ञ एजवर्थने १८८१ मध्ये तर लिहूनच टाकलं की अर्थशास्त्राचं पहिलं तत्त्व म्हणजे प्रत्येक जण केवळ स्वहिताने चालतो. त्याच्यानंतर अकराच वर्षांनी, १८९२ मध्ये, न्यायमूर्ती रानडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थकारणावर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की आपल्याकडचा सामान्य माणूस या पुस्तकी अर्थमानवाच्या जवळजवळ उलट टोकाला आहे. त्याचं आयुष्यातलं स्थान तो स्वतः ठरवत नाही, कुटुंब आणि जात ठरवते. रानडे हे ग्रंथालयात बसून बोलत नव्हते. १८७५ साली सुप्याला आणि आजूबाजूला शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं ताब्यात घेऊन जाळली, त्यातून कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीचा १८७९ चा कायदा आला आणि त्या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश म्हणून रानड्यांनी कर्जांची प्रकरणं वर्षानुवर्षं पाहिली होती. दोन स्वतंत्र, समजून उमजून वागणारी माणसं करार करतात आणि कायदा तो अंमलात आणतो, हे इंग्रजी गृहीतक दख्खनच्या शेतकऱ्याला कुठे नेऊन पोचवतं ते त्यांच्या समोरच्या कागदांत होतं.

माझं म्हणणं असं आहे. माणूस मुळात स्वार्थी की परोपकारी, यावर आपण जन्मभर वाद घालू. पण व्यवहार ज्या रीतीने मांडाल त्या रीतीचा माणूस त्यातून पुढे येतो. लोक स्वार्थीच असतात असं धरून नियम केले तर लोक तसे होत जातात, आणि मग आपण म्हणतो, बघा, आम्ही सांगतच होतो. सावडीसारखी व्यवस्था पैशाने मोडली की ती पुन्हा उभी राहत नाही, म्हणून मला हे फार गंभीर वाटतं. इथे अर्थशास्त्र शिकवणारे, शेती करणारे दोन्ही आहेत. तुमचे अनुभव वाचायचे आहेत.

---

भावना_कुडाळ

अगदी डोळ्यासमोर आलं सगळं. आमच्याकडे तरवा (भाताची रोपं) काढायच्या दिवशी शेजारची माणसं न बोलावता यायची. आता तरवा काढायलाही माणूस मिळत नाही आणि निम्मे कुणगे (भाताची खाचरं) पड आहेत. पैशाने मोडलं की माणसंच मुंबईला गेली म्हणून मोडलं, हे मात्र मला नक्की सांगता येणार नाही.

---

हिशेबनीस

ताई, लेख मनापासून आवडला. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, तेव्हा माझ्या विषयाची बाजू मांडणं माझं कामच आहे.

पहिली गोष्ट ॲडम स्मिथची. खाटीक, दारू गाळणारा आणि भटारी यांच्या उपकारामुळे आपल्याला जेवण मिळत नाही, ते त्यांच्या स्वहितामुळे मिळतं, हे वाक्य १७७६ च्या पुस्तकातलं. ते जगभर घोकलं जातं. पण हा माणूस ग्लासगो विद्यापीठात नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता आणि त्याचं पहिलं पुस्तक १७५९ चं, नैतिक भावनांवरचं. त्याची सुरुवातच अशी की माणसाला कितीही स्वार्थी माना, त्याच्या स्वभावात असं काहीतरी आहे की दुसऱ्याच्या सुखात त्याला रस वाटतो, मग त्यातून ते सुख पाहण्यापलीकडे पदरात काही पडो न पडो. स्मिथने हे पुस्तक टाकून दिलं नव्हतं, मरेपर्यंत तो त्याच्या नव्या आवृत्त्या काढत होता. मला यात विरोध दिसत नाही. अनोळखी भटाऱ्याकडून पाव घेताना मला त्याच्या प्रेमाची गरज लागत नाही, हे मोठ्या शहराचं वरदान आहे. रोजच्या पावासाठी कुणाची मर्जी सांभाळत बसावं लागत नाही.

दुसरी गोष्ट जॉन स्टुअर्ट मिलची. अर्थमानव त्याच्या १८३६ च्या निबंधातून आला असं म्हणतात. पण त्याच निबंधात त्याने बजावलं आहे की माणूस खरोखर असाच असतो असं मानण्याइतका खुळा अर्थशास्त्रज्ञ कुणी झाला नाही. माणसाच्या अनेक प्रेरणांपैकी एक वेगळी काढून तिचे परिणाम काय होतील हे तपासण्याची ती रीत आहे. भूमितीतल्या रेषेला जाडी नसते. ती रेषा घेऊन बांध घालायला गेलं तर चूक भूमितीची नाही.

आमच्या विषयाचा दोष एवढाच, आणि तो मी मान्य करतो, की दीडशे वर्षं ही रेषा वापरता वापरता आम्ही तिलाच बांध समजू लागलो. अमर्त्य सेन यांनी १९७७ मध्ये यावर लिहिलं आहे. केवळ आपल्या पसंतीच्या एका यादीवर चालणारा माणूस व्यवहारात जवळजवळ मूढ ठरेल, असं ते म्हणतात. त्यांनी सहानुभूती आणि बांधिलकी यांत केलेला फरक तुमच्या काकींच्या वाडीला लागू पडतो. दुसऱ्याचं दुःख पाहून मला त्रास होतो म्हणून मी मदत करतो, ती सहानुभूती. मला त्रास होवो न होवो, हे झालंच पाहिजे म्हणून करतो, ती बांधिलकी. दुसरी गोष्ट कुठल्याही फायद्याच्या हिशेबात बसवता येत नाही. "काकीची लावणी आधी" हा वाडीचा निर्णय मला दुसऱ्या प्रकारचा वाटतो.

---

उगवाई

लेख चांगला लिहिलाय. पण दोनदा वाचल्यावर एक प्रश्न मनातून जाईना. ताई, तुमच्या वाडीच्या सावडीत खालच्या वाडीतलं कोण होतं?

मी बीडकडची. आमच्या घरात येसकरकी होती. आजोबांचे वडील गावची कामं करायचे, निरोप न्यायचे, मेलेली जनावरं ओढायचे, आणि संध्याकाळी घरोघर भाकरी मागायला जायचे. भाकरी वरून टाकली जायची. खळ्यावरचं बलुतं वेगळं, ते किती द्यायचं हे देणाऱ्याच्या मनावर. यात नोटांचा संबंध कुठेच नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांचं देणंघेणं होतं, सगळा गाव एकमेकांना धरून होता, आणि गावातली मोठी माणसं याला आपलेपणा म्हणायची.

बहात्तरच्या दुष्काळात आजी खडी फोडायला गेली. तिचं बोलणं मी लहानपणापासून ऐकलंय. सुकडी मिळायची ते ती सांगायचीच. पण तिच्या आठवणीत पक्कं बसलं होतं ते मस्टर. मुकादमाने तिचं नाव विचारलं. तिने नुसतं नाव सांगितलं तर तो म्हणाला, पूर्ण सांगा. नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं लिहिलं. त्या ओळीच्या वर पाटलाच्या भावकीतल्या एका बाईचं नाव होतं, दुष्काळाने त्यांनाही तिथे आणलं होतं. खडी मोजली, पैसे मोजले, हातात दिले. आजी म्हणायची, "त्या पैशाला कुणाचा हात लागलेला नव्हता." मी खूप दिवसांनी त्याचा अर्थ लावला. त्या पैशाबद्दल कुणापुढे वाकायचं नव्हतं.

तेव्हा पैसा आला आणि नातं मोडलं, हे वाक्य मी वाचते तेव्हा मला विचारावं वाटतं, कोणतं नातं? काही नाती मोडायलाच हवी होती.

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते हे आपण विसरतो. १९१८ साली त्यांनी बर्ट्रांड रसेलच्या पुस्तकावर एक परीक्षण लिहिलं. पैशाच्या हव्यासाने माणूस बिघडतो असा रसेलचा सूर होता. बाबासाहेबांचं उत्तर मला पाठ झालंय: पैशाची ओढ ही नेहमी कशासाठी तरी असते, आणि त्या 'कशासाठी'वरून तिची योग्यता ठरते. माझ्या आजीला पैसा कशासाठी हवा होता ते तिच्या पोरांच्या शाळेत दिसलं. आणि १९३६ मध्ये त्यांनी जे लिहिलं ते तर सर्वांना माहीत आहे, जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीही विभागणी आहे. रानड्यांचं वाक्य तुम्ही दिलंत, कुटुंब आणि जात माणसाचं स्थान ठरवतात. तुम्ही ते अर्थमानवाच्या विरोधातला पुरावा म्हणून दिलंत. मला ते वाचताना तुरुंगाचं वर्णन वाटतं.

---

हिशेबनीस

उगवाई, तुमच्या प्रतिसादानंतर मी वर्गात काय शिकवतो याचा पुन्हा विचार करतो आहे. स्मिथची एक जागा आठवली. तो म्हणतो, लिननचा सदरा ही जगायला आवश्यक वस्तू नव्हे, ग्रीक आणि रोमन लोक त्याच्याशिवाय सुखात राहिले. पण त्याच्या काळच्या युरोपात रोजंदारीवरच्या माणसालाही लिननच्या सदऱ्याशिवाय चारचौघांत जायची लाज वाटेल, म्हणून तो आवश्यकच. चारचौघांत लाज न वाटता उभं राहणं ही त्याच्या दृष्टीने अर्थशास्त्राची बाब होती. तुमच्या आजींच्या मस्टरवरचं नाव मला तसंच वाटतं.

---

पुरंदरी

वरची चर्चा वाचून गप्प बसवेना. आमच्या पुरंदर तालुक्यात एक तिसरी वाट होऊन गेली आहे. तिथे सावडही नव्हती आणि बाजारही नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळातच विलासराव साळुंखे नावाचे इंजिनिअर, पुण्यातले कारखानदार, इकडे आले. त्यांनी नायगावला देवस्थानाची चाळीस एकर उजाड जमीन कसायला घेतली, ताली घातल्या, पाझर तलाव केला, पाणी अडवलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम मला तोंडपाठ आहेत. पाणी जमिनीला नाही, माणसाला. घरात डोकी किती ते मोजायचं, डोईमागे अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. कुणाची तीस एकर असली तरी अडीचच. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चातला वीस टक्के वाटा लोकांनी आधी रोख भरायचा. आणि ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क.

हा शेवटचा नियम पुन्हा वाचा. भूमिहीनाला पाण्याचा हक्क. सावडीत ज्याला खाचर नाही त्याला जागाच नसते, कारण त्याला परत काय करणार? बाजारात तर विहीर ज्याची पाणी त्याचं. इथे डोकी मोजली. पाणी कुणाच्या चांगुलपणावर सोडलं नव्हतं. त्यासाठी पाणी सोडणारा पाटकरी नेमलेला असायचा, पाळी ठरलेली असायची, आणि आपल्या पाळीबाहेर कुणी बारं मोडलं, म्हणजे पाणी आपल्या शेतात वळवलं, तर पाटकरी सगळ्यांसमोर बोलायचा. माणूस चोरी करू शकतो हे धरूनच नियम होते, पण माणूस फक्त चोरच आहे असं धरलेलं नव्हतं.

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने लिहिलं की सामाईक कुरण असलं की प्रत्येक जण एक जनावर जास्त सोडणार आणि कुरण संपणार. एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंनी गावोगावची उदाहरणं गोळा करून दाखवलं की माणसं बसून नियम करतात आणि पाळतातही. स्वित्झर्लंडमधल्या टॉर्बेल गावात १५१७ पासूनचा नियम आहे, हिवाळ्यात जेवढ्या गाईंना घरचा चारा पुरेल तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावर सोडायच्या. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल ऑस्ट्रॉम बाईंना मिळालं तेव्हा मला आमचं नायगाव आठवलं होतं. हिवरे बाजारनेही उसावर आणि शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. हे सगळे शेतकरी स्वतःचं हित चांगलं ओळखणारे होते. विहिरीला पाणी राहावं हेच तर हित.

---

कौमुदी_इचलकरंजी

पुरंदरी, 'माणूस चोरी करू शकतो हे धरून' हे फार बरोबर. कौटिल्य म्हणतो की जिभेवर ठेवलेला मध न चाखता राहणं जसं अशक्य, तसं राजाच्या पैशाजवळ असणाऱ्याने त्यातला थोडाही न चाखणं अशक्य. अफरातफरीचे चाळीस प्रकार त्याने मोजून सांगितले आहेत.

आणि तरीही आमच्या यंत्रमागाच्या गल्लीत माझ्या सासूबाई बावीस वर्षं भिशी चालवतात. वीस बायका, कागद नाही, सही नाही. एकदा एकीचा नंबर लागून पैसे उचलून झाले आणि महिन्याभरात तिच्या नवऱ्याचं काम गेलं. तिने हप्ते बुडवले असते तर कुणी काही करू शकलं नसतं. ती शिलाई करून दर महिन्याला पदरात बांधून पैसे आणायची, कधी चार दिवस उशिरा. सासूबाई तेवढे दिवस स्वतःचे घालायच्या आणि कुणाला कळू द्यायच्या नाहीत. मला हे लग्नानंतर सात वर्षांनी समजलं.

---

हिशेबनीस

कौमुदीताई, माणसं स्वतःचा फायदा सोडून कधी वागतात यावर आमच्या विषयात प्रयोग झाले आहेत. दोन अनोळखी माणसं. एकाला रक्कम देतात, त्याने दुसऱ्याला वाटा देऊ करायचा. दुसऱ्याने नाकारला तर दोघांनाही शून्य. अर्थमानव एक रुपयाही घेईल, कारण शून्यापेक्षा एक बरा. १९८२ मध्ये जर्मनीत ग्युट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे केलं. त्यानंतर अनेक देशांत झालं. लोक साधारण चाळीस ते पन्नास टक्के देऊ करतात, आणि वीस टक्क्यांच्या खालचा वाटा पुष्कळदा धुडकावला जातो. अपमान होऊ नये म्हणून माणसं पदरचे पैसे घालवतात.

पण धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचं ते पुढचं. मानवशास्त्रज्ञांनी हाच खेळ पंधरा लहान समाजांत खेळून पाहिला, २००१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पेरूच्या जंगलातले माचिग्वेंगा सरासरी सुमारे २६ टक्केच देऊ करत आणि समोरचा बहुतेक वेळा ते घेई. त्यांची शेती कुटुंबापुरती, दुसऱ्या कुटुंबाशी मिळून करण्यासारखं फारसं काही नाही. इंडोनेशियातल्या लामालेरा गावचे लोक होड्या घेऊन देवमाशाची शिकार करतात, एकट्याने ते होणारच नाही, आणि मासा कापून कुणाला कोणता तुकडा हे पिढ्यांपासून ठरलेलं. त्यांनी सरासरी निम्म्याहून जास्त वाटा देऊ केला. म्हणजे ताईंचं मूळ म्हणणं या आकड्यांत आहे. ज्या रीतीने पोट भरता त्या रीतीची न्यायाची कल्पना अंगात मुरते.

मात्र त्याच यादीत न्यू गिनीतले ऑ आणि ग्नाऊ आहेत. तिथे कुणी निम्म्याहून जास्त दिलं तरी काहींनी नाकारलं. कारण तिथे मोठी भेट घेतली की माणूस देणाऱ्याचा मिंधा होतो. उगवाईंच्या आजींना हे समजावून सांगावं लागलं नसतं.

---

सड्यावरची

सगळ्यांचे आभार. उगवाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं, म्हणून त्याच रात्री दिलं नाही. काल काकीला फोन केला. ती आता पंच्याऐंशीची आहे, कान गेलेत, पण लावणीचं म्हटलं की सगळं आठवतं.

मी विचारलं, सावडीत कोण कोण असायचं. तिने आठही घरं सांगितली, कुणाची किती माणसं तेही. मग विचारलं, खालच्या वाडीतली माणसं? ती म्हणाली, "ती यायची की. चिखलणीला, बांध घालायला, मळणीला. त्यांना भात द्यायचो." किती द्यायचो? "अण्णा ठरवायचे." अण्णा म्हणजे माझे आजोबा. जेवायला कुठे बसायची? काकी थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाहेर. मांगराकडे." मांगर म्हणजे घराबाहेरची गवत-अवजारं ठेवायची खोप.

सावडीच्या पंगतीत मी लहानपणी कितीदा जेवले आहे. कुळथाची पिठी, भात, सुकटीची चटणी, चिखलाचे पाय घेऊन ओटीवर बसलेली माणसं. मांगराकडे कोण बसलंय हे मला आठवत नाही. मी तिकडे पाहिलंच नसावं. ज्या संध्याकाळी भावाने नोटा वाटल्या त्या दिवशी खालच्या वाडीतले दोघे जण चिखलणीला होते, हे काकीनेच काल सांगितलं. त्यांनाही त्याने तेवढीच नोट दिली. इतर सगळ्यांएवढीच. "त्यातला एक जण नोट खिशात ठेवून तुझ्या भावाला नमस्कार न करता गेला, अण्णा असते तर चिडले असते," असं काकी म्हणाली. त्या वेळी ती स्वतः थोडी दुखावली होती, असंही म्हणाली.

पहिल्या पोस्टमध्ये मी लिहिलं की व्यवहार ज्या रीतीने मांडाल त्या रीतीचा माणूस पुढे येतो. ते मी मागे घेत नाही. पण मी एकच संध्याकाळ पाहिली आणि एकाच बाजूने. त्याच नोटेने शेजारच्या आजींचं आमच्याशी असलेलं नातं तोडलं आणि त्याच नोटेने तो माणूस ताठ मानेने घरी गेला.

पुरंदरी, नायगावच्या नियमांबद्दल सविस्तर लिहाल का? विशेषतः भूमिहीनांच्या वाट्याचं पाणी प्रत्यक्षात कुणाच्या शेतात जायचं, त्याचा मोबदला कसा ठरायचा. आमच्या वाडीत यंदा चौघांनी मिळून पॉवर टिलर घ्यायचं चाललंय. भाऊही त्यात आहे. पाळ्या ठरवायची बैठक मे महिन्यात आहे आणि खालच्या वाडीतल्या तीन घरांना त्यात घ्यायचं का, यावर अजून कुणी बोललेलं नाही. मी या वेळी जाणार आहे.